डेल्फियाने हात वर केला

डेल्फिया स्टॉलनेकरने एकदा हात वर केला, त्याला आता वीस वर्षं होत आली. तरी आमच्या गावात तिची ओळख अजून तीच. दुकानात एखाद्या पाहुण्याने विचारलं, ही उंच बाई कोण, की उत्तर तयारच असतं : हीच ती, जिनं आपल्याच कॉलेजला पाडलं. ऐकून तळपायाची आग मस्तकात जाते. आपल्याच म्हणे! कॉलेज तिला आपली कधी म्हणालं, ते विचारा ना एकदा.

वेस्ट व्हर्जिनियाच्या आमच्या डोंगरांत हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला की शाळासुद्धा बंद असतात, तेव्हा बंदूक धरता येणाऱ्या पोरीचं कुणाला कौतुक असायचं कारण नाही. डेल्फियाची गोष्ट थोडी वेगळी होती. तिचा बाप व्हर्जिल कोळशाच्या खाणीत फुप्फुसं घालवून घरी बसलेला. तो तिला खारी मारायला रानात न्यायचा आणि हातावर एकच काडतूस ठेवायचा. नेम चुकला तर घरी चल, दुसरं मिळणार नाही. त्यामुळे पोरगी अशी झाली की नेम पक्का बसल्याशिवाय तिचं बोट हलायचंच नाही.

याच जोरावर ती कॉलेजच्या रायफल टीममध्ये गेली. हा खेळ बरा, यात मुलं-मुली एकाच रांगेत उभी राहतात आणि गुणही एकाच मापाने मोजतात. शेवटच्या वर्षी राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा आमच्याच कॉलेजच्या नेमबाजीच्या रेंजवर आली. तेव्हाची रीत अशी की प्रत्येक कॉलेजने चार नेमबाजांची नावं आधीच द्यायची. टीमचे गुण फक्त त्या चौघांचे. बाकीच्यांनी त्याच रांगेत, तोच गणवेश घालून, स्वतःपुरतं खेळायचं. सगळा हिवाळा डेल्फिया चौघांत होती. स्पर्धा तोंडावर आली आणि कोच रिगलमनने तिला काढलं.

तिच्या जागी आला प्रेस्टन व्हिटलॉक. त्याच्या बापाचा गाड्यांचा शोरूम. रेंजवरची नवी इलेक्ट्रॉनिक निशाणं त्याच्याच पैशांतून आलेली, दारावर पितळी पाटी होती तशी. डेल्फियाने प्रेस्टनला सरावात किती वेळा मागे टाकलं याची गणती नव्हती. पण कोच म्हणाला, त्याला मोठ्या सामन्याचं काळीज आहे. वर हेही सांगितलं की मनाला लावून घेऊ नकोस, टीमचा विचार कर. एखाद्याला घराबाहेर काढायचं आणि वर घराचा विचार कर म्हणून सांगायचं, याला काय म्हणावं? तिने ते गिळलं. बापाला सांगायचा धीर झाला नाही. शनिवारी नक्की ये, एवढंच ती फोनवर म्हणाली.

व्हर्जिल आला. ऑक्सिजनचं नळकांडं शेजारी आणि मांडीवर कागदात गुंडाळलेले पेपरोनी रोल, आमच्या खाणकामगारांच्या डब्यातले मांस भरलेले पाव. डेल्फियाची जागा नेमकी प्रेस्टनच्या शेजारी निघाली. गुडघ्यावर बसून नेमबाजी चालली होती आणि त्या दिवशी तिचा नेम असा काही लागत होता की वैयक्तिक पदक समोर दिसत होतं. तिने श्वास सोडला, नेम धरला, आणि बोट हलायच्या आत तिच्या पडद्यावर गोळी उमटली. दहापैकी आठ गुणांची. तिने तर घोडा दाबलाच नव्हता.

शेजारी प्रेस्टनचा पडदा कोरा. त्याची गोळी तिच्या निशाणावर आली होती. अशी गोळी मारणाऱ्याला शून्य, आणि ज्याची चूक त्यानेच आधी हात वर करायचा, हे या रांगेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. प्रेस्टनने आपला कोरा पडदा पाहिला, तिच्या पडद्याकडे नजर टाकली आणि पहिली झाडलीच नव्हती अशा थाटात निवांतपणे दुसरी गोळी भरली! डेल्फियाने मागे वळून पाहिलं. कोचने सगळं पाहिलं होतं. त्याने तळहात हळूच खाली दाबला. गप्प बस.

गप्प बसली असती तर ते आठ तिच्या खात्यावर गेले असते, पदक हातचं गेलं असतं, आणि टीम वाचली असती. जिच्यातून तिला काढलं होतं ती टीम. तिने रायफल खाली ठेवली आणि हात वर केला.

पंचांनी तपासलं, प्रेस्टनला शून्य दिलं. टीम चार गुणांनी हरली. त्या खोळंब्यात डेल्फियाची लय गेली ती गेलीच, पदकही हुकलं. बाहेरच्या बोळात कोचने तिला गाठलं.

"एक आठ खाल्ला असतास तर काय मोठं बिघडलं असतं?" तो म्हणाला. "टीमसाठी एवढंही करवलं नाही?"

"कुठल्या टीमसाठी, कोच?" डेल्फिया म्हणाली. "तुम्ही मला परवा काढलंत, तीच ना?"

घरी जाताना पिकअपमध्ये व्हर्जिलने उरलेला रोल तिच्या मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "चुकला तो, पोरी. आणि घरी चाललीस तू." डेल्फियाने तेव्हा कुठे रडून घेतलं.

पुढे प्रेस्टनला कुणी चकार शब्द बोललं नाही. नजर चुकली बिचाऱ्याची, म्हणे. बोलणी खाल्ली हिने. अजूनही खाते. दिवसा शाळेची बस चालवते आणि शनिवारी अग्निशमन दलाच्या तळघरात गावच्या पोरांना नेमबाजी शिकवते, फुकट.

गेल्या पानगळीत प्रेस्टन तिथे आला, आता बापाचा शोरूम सांभाळतो. सोबत नऊ वर्षांची मुलगी हॅडली. जुनं सगळं विसरून जाऊ, असं काहीतरी तो हसत म्हणाला. डेल्फियाने मान हलवली नि मुलीला बसवलं. बंदुकीला हात लावण्याआधीचा तिचा पहिला धडा ठरलेला असतो.

"तुझी गोळी शेजारच्याच्या निशाणावर गेली, तर काय करायचं?"

हॅडलीला माहीत नव्हतं. डेल्फियाने स्वतःचा हात वर करून दाखवला. हॅडलीनेही केला.

"कुणी सांगितलं नाही तरी?" तिने विचारलं.

"कुणी बघितलं नसलं तरी."

हॅडलीने विचार केला. "माझे डॅडी कॉलेजच्या टीममध्ये होते," ती अभिमानाने म्हणाली. "ते पण असाच हात वर करायचे?"

प्रेस्टन दाराशीच उभा होता.

"त्यांनाच विचार, बाळा," डेल्फिया म्हणाली आणि कागदी निशाणं टांगायला गेली.