भिंगमामांचं घरचं मशीन

कपाळावर सदैव सरकवलेल्या भिंगामुळे भाच्यांनी त्यांना भिंगमामा नाव ठेवलं, आणि पुढे सगळा रस्ता तेच म्हणू लागला. उमेदीची सगळी वर्षं लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करण्यात गेली. पन्नाशी उलटल्यावर मात्र मामांनी ठरवलं, आता घड्याळ स्वतःचं करायचं. मामींनी कपाळाला हात लावला, आणि महिन्याभरात नोकरी सोडून चाकांच्या कडा घासायला त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा घड्याळं व्हायची. महाग, पण शौकीन लोक पत्ता काढत यायचे. अशाच घड्याळं जमवणाऱ्या एक बाई एका सकाळी जिना चढून आल्या. बसता बसताच म्हणाल्या, "फोनवर तुमच्या मिसेसनी सांगितलं, आतलं मशीन अगदी शंभर टक्के घरचं. म्हणून आले."

मामांनी मामींकडे पाहिलं. मामी खिडकीबाहेर पाहू लागल्या.

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं, पण ते काही मामांच्या तोंडून निघेना. त्यांनी घड्याळाची पाठ उघडली. "या पट्ट्या, ही चाकं, स्क्रूसुद्धा इथेच लेथवर कापलेत. चाकांच्या आसांखाली बसवायची माणकं विकत आणतो. आणि ही केसासारखी कमान, जिच्यावर घड्याळाची सगळी टिकटिक चालते, ती बाहेरची."

"मग घरचं कसं हो?"

मामांनी भिंग कपाळावरून डोळ्यावर ओढलं. मामी मात्र उसळल्या. "अहो, घरचा स्वयंपाक म्हणतो, तेव्हा मीठ काय गच्चीत पिकवतो का आपण?"

बाई खुदकन हसल्या. "पण कमान करून का नाही पाहिलीत?"

"पाहिली की!" मामांनी खण ओढला. आत गांडुळांसारख्या वेड्यावाकड्या कमानींचा नुसता गुंता. "एकीवर घड्याळ चाललंही. पण इतकं पुढे पळायचं, की दुपारीच रात्रीची पानं वाढावी लागली असती."

बाईंना हसू आवरेना. "दुसऱ्या एका घड्याळवाल्याने सगळं घरचंच आहे अशा शपथा घेतल्या, पण मला दाराच्या आत काही येऊ दिलं नाही. तुम्ही तर फसलेलं सामानही दाखवलंत. मला एक करून द्या. बाहेरची कमान चालेल."

त्या जिना उतरल्यावर मामांनी चिमटा उचलला. "काय गं, शंभर टक्के कशाला सांगितलंस?"

"तुम्ही एवढे दिवस कमानीच्या मागे लागला होतात. म्हटलं, बाई येईपर्यंत जमलीच असेल."

मामा इतके हसले, की चिमट्यातला स्क्रू उडून कुठे गेला ते कळलंच नाही. मग दोघं गुडघ्यांवर बसून, एकमेकांना दटावत, टेबलाखाली तो शोधू लागली.