भराव टाकू!

"सून गुणाची हाय गं, पण तिचं काम काय ते कळत न्हाय. डोंगर-खाड्या रंगवत बसते!"

सासूबाई फोनवर त्यांच्या बहिणीला सांगत होत्या. मी चहाचे कप घेऊन दाराआड. रंगवते हे खरंच आहे. कुठली जमीन खाडीने आणली, कुठली डोंगरावरून आली, पाणी कुठून जाणार, हे नकाशावर दाखवायचं, ही माझी नोकरी. आणि सासर डंपर-जेसीबीवाल्यांचं! अलिबागच्या आसपास प्लॉट सपाट करून देतात. लग्नाला वर्ष होतंय, पण किस्से मुरमाच्या ढिगासारखे साठलेत.

*

मुंबईच्या एका साहेबांना बंगल्यातून समुद्र दिसत नव्हता. मध्ये वाळूची टेकडी. भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, जेसीबी घातला. व्ह्यू क्लिअर! अमावास्येच्या भरतीला समुद्र थेट लॉनवर. साहेबांचा फोन आला. भाऊजी शांतपणे म्हणाले, "सर, आता अजून जवळून दिसतोय ना?"

*

एका प्लॉटची भिंत चक्क पऱ्यातून, म्हणजे पावसाळी ओढ्यातून घेतली. "पावसात इथून पाणी येतं," मी हळूच म्हटलं.

"आता कोरडा हाय ना!" इति मामा, माझे सासरे.

जुलैत भिंत शेजारच्या भातात आडवी. मामा म्हणाले, "बारीक पडली." मग जाड बांधली. ती जाताना गेटही घेऊन गेली!

*

नवऱ्याने कौतुकाने सगळीकडे सांगून ठेवलंय, "ही जमिनीचा एक्स-रे काढते." म्हणून त्याच्या मामेभावाने रेवसकडचा प्लॉट दाखवला. मी सांगितलं, इथे जुनी खाडी आहे, कितीही भराव टाका, घर खचणार. त्याने प्लॉटचे दोन फोटो काढले. मग म्हणाला, "पण वहिनी, विकायला बरा ना?"

*

आता आमचं स्वतःचं घर. जागा डोंगराच्या पायथ्याशी, आणि तोच पायथा भाऊजी मुरमासाठी कापतायत. मी नकाशा टेबलावर पसरला, लाल भागावर बोट ठेवलं. "ही जुनी दरड आहे. एकदा खाली आलीये. पायथा कापलात तर परत येईल."

"लाल रंग शुभ असतो," सासूबाई.

"भराव टाकू," मामा.

"मागं भिंत घालू," भाऊजी.

नवरा मोबाइलमध्ये.

मामांनी नकाशा उलटा केला आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर खोल्या आखायला घेतल्या! "ही डोंगराकडची तुम्हा दोघांना. मोठी खिडकी ठेवू. हवा मस्त येल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवी सून लाजेल, असं वाटलं असणार.

मी म्हटलं, "भाऊजी, डोंगर तुम्ही कापताय. त्या खोलीत तुम्ही झोपा."