ऑड्रेवरची शेवंडं

आमच्या ऑर्कनी बेटावर ओस्ला फ्लेट पाणबुड्यांना जेवण-खोली द्यायची. तिचा नवरा ‘ऑड्रे’ बोटीबरोबर बुडाला, त्याला चाळीस वर्षं झाली. बोट दोनशे फुटांखाली पडली आहे. तिथे कुणी शेवंडांचा सापळा टाकायचा नाही, असं गावानं तेव्हाच ठरवलं होतं.

परवा एक पाणबुड्या ऑड्रे बघून कुडकुडत पण खुशीत परत आला. आम्ही कोळी ओस्लाकडे सूप पीत बसलो होतो.

"काय सांगू, ओस्लाबाई! सुकाणूच्या खोलीभर पांढरी समुद्रफुलं फुललीत. आणि शेवंडं? हाताएवढी! माणसाला घाबरतसुद्धा नाहीत."

"घाबरतील कशाला? त्यांना कुणी धरलंय कधी?" ओस्ला म्हणाली.

दुसऱ्या सकाळी ऑड्रेच्या डोक्यावर सापळ्यांचे अकरा बोये तरंगत होते. मी तावातावानं ओस्लाकडे गेलो. "मेल्यांना लाज नाही! मी आपले दोनच सापळे टाकले, पण आमच्यातल्या त्या विलीनं सहा टाकले, सहा!"

ओस्लानं शांतपणे चुलीवर मोठं भांडं ठेवलं. "शेवंड मिळालं असेल तर आण, उकडून देते. चाळीस वर्षं मला वाटायचं, तुम्ही माझ्या माणसाचा मान राखताय. तिथे शेवंड आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, एवढंच."