दत्ताभाऊचा चोक आणि वहिनींचा हात

दत्ताभाऊच्या दुकानात टीव्ही दुरुस्त झाला की टेबलावर दोन-चार स्क्रू हमखास उरायचे. टीव्ही चालायचा, स्क्रू डब्यात पडायचे. आमच्या प्रोजेक्टरचे किस्से असेच साठलेत. प्रोजेक्टर कधीच भंगारात गेला, डबा मात्र भरलेला आहे.

गोष्ट परतूरची, दोन हजार सालानंतरची. दत्ताभाऊला कुठूनतरी कॉम्प्युटरच्या सपाट मॉनिटरची काच मिळाली होती. तिच्यामागं रस्त्यावरचा मर्क्युरी दिवा आणि पुढं भिंग ठेवलं की भिंतीवर नऊ फुटी क्रिकेट! पत्र्याची पेटी करायला सलीम वेल्डर, वायरिंगला कुंभार पिंपळगावचा शेतकरी मुंजा, आणि टॉर्च धरायला मी, म्हणजे शाळेतला मास्तर.

दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. दोन वर्षांपूर्वी दत्ताभाऊला टीव्ही खोलताना करंट बसला होता आणि उजवा हात सहा महिने बधिर होता. तेव्हाच त्याच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, सांगून ठेवलं होतं, "पुन्हा कुणाला करंट लागला, तर दुकानाला मीच कुलूप लावीन." वहिनी बोलल्या की करायच्या. म्हणून सगळं सेफ करायचं, हे आमचं पहिल्याच दिवशी ठरलं.

*

मर्क्युरी दिव्याला करंट आवरायला मधे चोक लागतो. तो नसला तर दिवा वाटेल तेवढा करंट ओढतो. दत्ताभाऊनं हे आम्हाला वहीत चित्र काढून समजावलं आणि जेवायला आत गेला.

मुंजाच्या शेतात मोटरचा स्टार्टर बिघडला की मोटर डायरेक्ट चालायची, वर्षानुवर्षं. तो म्हणाला, "चोक म्हंजे कंपनीनं खर्चा वाढवायला काढलेली भानगड हाय." त्यानं दिवा डायरेक्ट जोडला. दिवा लागला, प्रखर होत गेला, आणि फुटला.

काचा पेटीतच राहिल्या, म्हणून कुणाला लागलं नाही. दत्ताभाऊ हात न धुताच धावत आला. मुंजा खाली बघत म्हणाला, "मोटरला चालतं."

*

मग चोक आला, सोबत कंडेन्सर आला. एका दुपारी काम चालू असताना लाईट गेली. सलीम खुश झाला. लाईट गेली म्हणजे करंट गेला, यापेक्षा मोठी सेफ्टी आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हती. त्यानं निर्धास्त पेटीत हात घातला.

कंडेन्सरनं मात्र आपला करंटचा साठा सांभाळून ठेवला होता. सलीमचा पाना उडून माझ्या पायावर पडला. ओरडणं ऐकून वहिनी बाहेर आल्या. दुकानाला कुलूप लागायची वेळ आली होती.

"विंचू, भाभी," सलीम म्हणाला.

वहिनींनी त्याच्या दंडाला दोरी आवळली आणि मला सोबत देऊन सरकारी दवाखान्यात धाडलं. मैत्रीखातर त्यानं तिथं मुकाट इंजेक्शन टोचून घेतलं. तोवर इकडं मुंजाला दुकानातला विंचू शोधायला लावलं होतं.

*

शेवटी दिवा लागला, भिंतीवर चित्र आलं. तेवढ्यात लाईट एक सेकंद जाऊन परत आली. पंखा फिरला, दिवा काही लागेना. तापलेला मर्क्युरी थंड झाल्याशिवाय पुन्हा लागत नाही, हे दत्ताभाऊला पक्कं माहीत होतं. पण घाबरलेल्या माणसाला काय माहीत असतं याला अर्थ नाही. त्यानं सलीमला नव्या दिव्यासाठी जालन्याला पिटाळलं.

सलीम स्टँडवर पोचला नसेल, इकडं दिवा आपोआप लागला. तो संध्याकाळी नवा दिवा छातीशी धरून परतला, तेव्हा आम्ही बातम्या बघत होतो. तो आमच्याशी दोन दिवस बोलला नाही.

*

ज्या क्रिकेट मॅचसाठी हा सगळा खटाटोप होता, तिच्या आदल्या दिवशी वहिनी पेटी बघायला आल्या. दिवा चालू होता. दत्ताभाऊ रंगात आला होता. चोक कसा घट्ट बसवलाय, कंडेन्सर रिकामा व्हायची सोय कशी केलीय, सगळं सांगून तो म्हणाला, "बिलकुल सेफ हाय. कुणीबी हात लावा."

"मंग मी लावते," म्हणत वहिनींनी हात पुढं केला.

दत्ताभाऊनं झेप घेऊन मेन स्विच पाडला. खोलीत अंधार झाला.

"काय झालं हो?" वहिनींनी विचारलं.

"काही न्हाई. अर्थिंगचं थोडं पाहून घेतो. तू उद्या ये."

आम्ही तिघं चार दिवसांपासून त्या पेटीला टेकून चहा पीत होतो.