अंगणातली सवत

मला एक सवत आहे, आणि ती अंगणात उभी असते. थंडीच्या सकाळी सुरू केली की आमची जुनी गाडी थरथर कापते, आचके देते आणि गरम झाली की शहाण्यासारखी चालते. त्यामुळे गॅरेजात पोचेपर्यंत तिचं दुखणं पळालेलं असतं. शेवटी आमच्या ह्यांनीच तिची नाडी धरली. इंजिन गार असतानाच सुरू करून, बॉनेट उघडून, कान लावून उभे!

"अहो, चहा निवतोय."

"श्श! ऐकू दे ना जरा."

इतक्या वर्षांच्या संसारात माझं बोलणं यांनी असं श्वास रोखून कधी ऐकलंय? मी खिडकीत उभी राहून मनसोक्त जळले.

एका रबरी नळीला चीर गेली होती. गारठ्यात ती उघडायची, फाजील हवा आत ओढायची आणि उबेने मिटायची. माणसांचंही असंच असावं. चारचौघांत आपण हसून उबदार होतो, आणि चीर कुणाला दिसत नाही.

नवी नळी बसली. हे काळे हात पुसत आत आले.

"झाले लाड?" मी फणकारले.

"झाले. आता तू बोल." ते खुर्ची ओढून समोरच बसले.

आणि मेली एकही तक्रार आठवेना!