'कन्सील'चं वाक्य
खडूचा वास आला की परंड्यातला आमचा मॅट्रिकचा वर्ग आठवतो. दुष्काळाचं साल होतं. आई खडी फोडायला जायची आणि मी शाळेच्या वाटेवर इंग्रजी शब्दांच्या व्याख्या घोकायची. सर व्याख्येनंतर स्वतःचं वाक्य मागायचे, पुस्तकातलं सांगणाऱ्याला बाहेर काढायचे. त्या दिवशी माझ्या वाट्याला 'कन्सील' आला. "टू हाईड, लपवणं," मी कशीबशी म्हणाले. "आता वाक्य." मागं कुणीतरी हसलं. सर दाराकडं बोट करणार, एवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "माय मदर कन्सील्स हर हंगर." सर थबकले. "बस खाली," हळूच म्हणाले. आई भूक लपवते, हे माझं मलाही तेव्हाच कळलं. संध्याकाळी तिनं टोपल्यातली एकच भाकरी माझ्या ताटात टाकली. "आणि तू?" "म्या कामावरच खाल्लं की." मी अर्धी भाकरी मोडून तिच्या हातात दिली. तिनं नजर चुकवली, पण घाईघाईनं खाल्ली, पदरावरचा चुरासुद्धा वेचला. पुढं मीही इंग्रजी शिकवलं. त्या शब्दाचा अर्थ दरवर्षी सांगितला. वाक्य विचारायचं धाडस मात्र कधीच झालं नाही.