कडक इस्त्रीचे आई-बाबा

आमची ताई एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री विभागाची प्रमुख आहे. हॉटेलांच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, एकदा तर एका नाटक कंपनीचा अख्खा पडदा तिच्या हाताखालून गेला. सुरकुती दिसली की तिचं डोकं उठतं. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, घरात सोफ्यावर बसतानाही शर्ट मागून सरळ करून मगच टेकतात. संसार टिकवायचे त्यांचे जे काही मार्ग आहेत, त्यांतला हा एक.

आई-बाबा गेले आणि ताईने त्यांनाही इस्त्रीला घेतलं.

दर नाताळात आम्ही तिघं भावंडं ताईकडे जमतो. जेवणाआधी भिंतीवरच्या फोटोसमोर बसून प्रत्येकाने आई-बाबांची एक आठवण सांगायची, हा तिचा कायदा. फोटोत दोघं एकमेकांकडे झुकून हसताहेत. खरं म्हणजे ते दोन वेगळे फोटो. आई हसतेय ती कुणाच्या तरी तान्ह्या बाळाकडे बघून, आणि बाबा हसताहेत ते त्यांच्या निरोप समारंभात साहेब खुर्चीवरून घसरला तेव्हाचे. स्टुडिओवाल्याने त्यांना जवळ आणलं. इतकं जवळ आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सुरुवातीला आठवणी बऱ्या असायच्या. मग ताईने एकेक चुणी काढायला घेतली. "आईने कधी आवाज चढवला नाही," असं ती डोळे पुसत सांगते. आईचा आवाज चढला की वरच्या मजल्यावरचे लोक रेडिओ बंद करून ऐकायचे. "नाताळात बाबा दिव्यांची माळ लावायचे आणि आई खाली उभी राहून कौतुकाने बघायची," हे तर ती दरवर्षी सांगते. मी मान डोलावतो. मला जेवायचं असतं.

धाकट्याला हे जमत नाही. तो लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेलं दिसलं की ढकलून बघायची त्याला सवय. गेल्या वर्षी त्याने सांगितलं, पाहुणे उठेनात म्हणून बाबांनी भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं होतं. "असं काही झालेलं नाही," ताई म्हणाली. "अगं, मीच स्टूल धरलं होतं!" तो म्हणाला, आणि न जेवता निघून गेला.

यंदा त्याने फोनवर सांगून टाकलं, "येतो ताई. पण पुन्हा तेच पुराण लावलंस तर ही शेवटची खेप."

धाकट्याला ताईनेच कडेवर घेऊन वाढवलेलं. तिने मला फोन केला. "तू तोंड मिटून बस. तो नाही आला तर मी हे सगळं कुणासाठी करायचं? तुझ्यासाठी?" माझी घरातली किंमत मला वेळोवेळी अशी कळत असते.

नाताळच्या संध्याकाळी धाकटा आला तो कोट न काढताच बसला. टेबलावरचं कापड इतकं कडक की कोपरा लागून खरचटावं. दाजी खिडकीत स्टुलावर उभे राहून नवी दिव्यांची माळ लावत होते. ताईने घसा साफ केला, धाकट्याकडे बघितलं, जरा घुटमळली. मला वाटलं, आज बाई सुधारली.

"आई," ती म्हणाली, "किती शांत होती!"

धाकट्याने कोटाचं वरचं बटण लावलं.

तेवढ्यात दाजींनी माळेची पिन खोचली. फट्कन आवाज झाला आणि घरभर अंधार.

"घालवलीत ना?" ताई कडाडली. "घालवलीतच! सणाच्या दिवशी घरात उजेड बघवत नाही तुम्हाला!"

अंधारातून धाकट्याचा आवाज आला, खाकरत, नाकातून, हुबेहूब बाबांचा, "लाइट बाहेरून गेलीय."

बाबा टाइपरायटर दुरुस्त करायचे, पण वायर दिसली की तो आपलाच प्रांत समजायचे. दर नाताळात ते माळ उघडायचे, फ्यूज उडवायचे आणि हेच वाक्य म्हणायचे.

"बाहेरून?" ताईचा आवाज आणखी चढला. "आणि समोरच्यांकडे काय काजवे जेवायला आलेत?"

"त्यांची लाइन वेगळी आहे."

"तुमचीच लाइन वेगळी! माझ्या बापाने स्थळ बघताना वायरिंग तपासायला हवं होतं!"

"ऐक जरा, हातात बॅटरी दे."

"बॅटरी देते, आणि तुम्ही तीही विझवा!"

दाजींनी माळेची पिन उपटली आणि चाचपडत जाऊन मेन स्विच वर केला. उजेड आला. ताई कमरेवर हात ठेवून, तोंड तसंच उघडं ठेवून उभी होती. मग ती मटकन खुर्चीत बसली.

"असंच बोलायची ना रे आई?" तिने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"निम्मं विसरलीस," धाकटा म्हणाला. "वायरिंगनंतर ती बाबांच्या आईवर घसरायची."

"ते मी मुद्दामच गाळलं. ह्यांच्या आई अजून आहेत."

"गाळायचं नाही! पुढच्या वर्षी आईचं मी म्हणतो. तू बाबा हो."

ताईने त्यातलं 'पुढच्या वर्षी' नीट ऐकलं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण ती तिथे थांबणारी नव्हती.

"मी का बाबा? मोठी मी आहे, आई मीच!"

"तुला खाकरता येत नाही म्हणून आई व्हायचंय तुला!"

"मला खाकरता येत नाही? मला?"

आणि आमची ताई खाकरली. वाईट खाकरली. धाकटा कोट काढून खुर्चीवर फेकत तिला शिकवायला उठला. दाजींनी दारातून हळूच विचारलं, "वाढू का?"

"थांबा हो जरा!" दोघं एकदम ओरडले.